खंडाचा दिवस

"फोन कुणी केला?" नगरपंचायतीच्या गणराज वकिलांनी विचारलं.

"मी," प्रणाली म्हणाली. "ऑफिसच्या वतीने."

"त्या दिवशी तुम्ही ऑफिसच्या नव्हता." वकिलांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात गणित चुकलेल्या मुलीला सांगावं तसं ते समजुतीने सांगत होते. "त्या दिवशी दिनानाथचा खंड होता, तसाच तुमचाही होता. त्यामुळे तुम्ही फोन केला असेल तर तो घरगुती. बरोबर ना, नुरुद्दीनभाई?"

नुरुद्दीनभाई म्हणजे नगरपंचायतीचे कार्यालय अधीक्षक. ते खिडकीबाहेर बांबूंवर वाळत टाकलेल्या बोंबलांकडे पाहत होते. जन्मात कधी बोंबील पाहिले नसावेत, असे पाहत होते.

"बरोबर," ते म्हणाले.

खंड ही काय चीज आहे, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. या नगरपंचायतीत निम्म्याहून जास्त माणसं कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस खंड, की पुन्हा अकरा महिन्यांची ऑर्डर. नोकरी सलग झाली तर माणूस कायम करा म्हणून कोर्टात जातो. म्हणून मध्ये एक दिवस त्याला काढून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्याने घ्यायचं. त्या दिवशी हजेरीचं मशीन कुणाचा अंगठा घेत नाही. माणसं मात्र येतात, कारण न येऊन सांगतात कुणाला? कचरा उचलावा लागतो, दाखले द्यावे लागतात, आणि पाण्याला कुठला आलाय खंड!

प्रणाली इथे नऊ वर्षं कॉम्प्युटरवर होती. तिचं लग्न, बाळंतपण, सासूचं आजारपण, सगळं या खंडांच्या अधेमध्ये बसलेलं. सगळ्यांच्या खंडाच्या ऑर्डरी तीच टाईप करायची, त्यात स्वतःचीही. आपल्याच हाताने स्वतःला काढायचं आणि आपल्याच हाताने परत घ्यायचं. आपला हात जगन्नाथ, असं ती हसून म्हणायची. सगळे हसायचे. दिनानाथकाका तर दरवर्षी हसायचे.

काका पाणीपुरवठ्याचे वॉलमन. टेकडीवरच्या टाकीचा वॉल पहाटे उघडायचा, गावाला पाणी सोडायचं, मग शिडीने वर चढून टाकीत किती उरलं ते बघायचं आणि वेळ झाली की वॉल बंद करायचा. खंडाच्या आदल्या संध्याकाळी नुरुद्दीनभाई प्रणालीच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणायचे, "बेटा, सकाळी दिनानाथला एक फोन टाक. पाणी तेवढं सोड म्हणावं. लिहून काही नको." मग ती पहाटे घरूनच फोन करायची. यंदाही केला.

यंदा काका वॉल उघडून शिडी चढले आणि वरची पायरी हातात आली. खाऱ्या वाऱ्याने लोखंड आतून पोखरलेलं होतं. दुपारी गुरं घेऊन गेलेल्या माणसाला ते टाकीच्या पायथ्याशी सापडले. त्यांची नवी ऑर्डर सहीशिक्क्यासकट प्रणालीच्या ड्रॉवरमध्ये होती. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा नगरपंचायतीचे होणार होते.

तेव्हापासून प्रणालीला काही वाटेनासंच झालं होतं. रडू आलं नाही, झोप उडाली नाही, भूकही मेली नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. डबा खायची, टायपिंग करायची, मुलाचा अभ्यास घ्यायची. काकांच्या बायकोने, सगुणाकाकीने, अलिबागच्या कोर्टात भरपाईचा अर्ज केलाय हे कळलं, तेव्हा त्या अर्जाची नक्कलही तिनेच नंबर घालून फायलीला लावली.

"हे वाचा आणि सही करा," वकिलांनी एक कागद पुढे सरकवला. 'सदर दिवशी कार्यालयाने कोणासही कामावर बोलावले नव्हते. मयत इसम स्वतःच्या मर्जीने टाकीवर गेला होता.' खाली तिचं नाव होतं.

"पण बोलावलं होतं, सर."

"कुणी?" वकील पुढे झुकले. "नीट विचार करून सांगा. नगरपंचायतीने नाही. नुरुद्दीनभाईंनी नाही. मग उरलं कोण? एक खाजगी बाई. उद्या कोर्टाने म्हटलं, त्या बाईकडून भरपाई घ्या, तर?" ते मागे टेकले. "मी दुष्ट नाही हो. पण पडेल त्याची जबाबदारी ऑफिस घेत बसलं तर गावात दिवे लागणार नाहीत. करार करतो तो कशासाठी? जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते कळावं म्हणून."

प्रणालीने नुरुद्दीनभाईंकडे पाहिलं. "भाई, तुम्हीच सांगितलेलं ना?"

"तोंडी सांगितलेलं, बेटा," ते बोंबलांनाच म्हणाले. "माझी पेन्शन तोंडावर आलीये."

भाई वाईट माणूस नव्हता. ईदला सगळ्या ऑफिसला शीरखुर्मा पाजायचा. काकांच्या मातीला तोच सगळ्यात पुढे होता. पण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. प्रणालीला त्याचाही राग आला नाही. उद्या सही करून आणते म्हणाली आणि कागद पर्समध्ये टाकून निघाली.

घरी जायच्या रिक्षात बसली खरी, पण काकांच्या पाड्याशी आल्यावर तिने रिक्षा थांबवायला सांगितली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सगुणाकाकी ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. प्रणालीला पाहून ती उठली नाही. पायाने पाट तेवढा पुढे सरकवला. प्रणाली बसली आणि सवयीने तिनेही मूठभर वाल सोलायला घेतले. बराच वेळ दोघी सालंच काढत होत्या.

"काकी," शेवटी प्रणाली म्हणाली, "काकांना फोन मी केला होता."

"म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगंल कोन? तुझा फोन मीच उचललेला." काकीचे हात चालूच होते. "इसरलीस? तू म्हनलीस, काकी, काकांना उठवा, पानी सोडायचंय. त्यांना रातभर ताप व्हता. मगाशी कुठं डोळा लागलेला. म्या मनात म्हनलं, आज खंड हाय, झोपू द्यावं. मंग म्हनलं, गाव पान्याबिगर ऱ्हाईल. तर म्या त्यांना हलवून उठवलं. च्या पन न्हाय घेतला."

प्रणालीच्या हातातला वाल निसटून ओटीखाली गेला. फोनवर काकी होती, हे ती खरंच विसरली होती.

"वकील म्हनतो, त्या दिशी ते कामावर नव्हतंच," काकी म्हणाली. "माज्या पोरीला पन तेच सांगितलान. पोरगी म्हनते, आई, सोड ना. पैशासाठी भांडतो म्हनतील लोकं. पैसं मिळालं तर नको न्हाय म्हननार मी. पन हौसेनं टाकीवर चढलं म्हनतात, ते न्हाय सोसत. तापलेला मानूस हौसेनं चढंल का गो?"

प्रणालीची पर्स मांडीवर होती आणि पर्समध्ये तो कागद होता.

"एक सांग," काकी म्हणाली. "त्या दिशी तुज्या नळाला पानी आलतं?"

"आलं होतं."

"येळेवर?"

"वेळेवर." प्रणाली म्हणाली. "खूप वेळ आलं, काकी. जातच नव्हतं. आळीत सगळे खूश होते, आज काका प्रसन्न झाले म्हणून. मी... मी गोधड्या धुतल्या."

बंद करायला कुणी नव्हतं म्हणून पाणी जात नव्हतं. हे तिला गेले कित्येक दिवस माहीत होतं, पण तोंडाने तिने ते पहिल्यांदा सांगितलं. काका खाली पडलेले होते आणि सगळा गाव पिंपं, बादल्या, घंगाळी भरून घेत होता.

काकीने सोललेल्या वालांवर ताट झाकलं. पदराला हात पुसले.

"आलतं ना पानी?" ती म्हणाली. "मंग ते कामावरच व्हते."

दुसऱ्या दिवशी प्रणालीने वकिलांचा कागद सही न करताच परत केला. सोबत स्वतःचा एक कागद टाईप करून जोडला. त्यात लिहिलं होतं, की दरवर्षी खंडाच्या दिवशी अधीक्षकांच्या सांगण्यावरून मी पाण्यासाठी फोन करत आले आहे, यंदाही केला, आणि त्या दिवशी गावाला पाणी आलं होतं. हवं तर गावाला विचारा.

आवक-जावक नोंदवायची जबाबदारीही तिच्याचकडे होती. तिने शिक्का उचलला, तेव्हा नुरुद्दीनभाई धावत आले.

"बेटा, नको. एकदा आवक झाली की मला काढून घेता येणार नाही."

"म्हणूनच," प्रणाली म्हणाली आणि तिने शिक्का मारला.

भाईंनी कागदावरचा ओला शिक्का पाहिला. मग जागेवर जाऊन बसले. त्या दिवसापासून ते तिच्याशी जपून बोलू लागले, परक्या माणसाशी बोलावं तसं. वकील तर बोलतच नव्हते. अलिबागला तिचा कागद वाचला गेला, वकिलांनी हरकत घेतली, पुढची तारीख पडली. मग त्याच्या पुढची. सगुणाकाकी प्रत्येक तारखेला जाते आणि येताना बाजार करून येते.

पुन्हा खंड आला. प्रणालीने सगळ्यांच्या ऑर्डरी टाईप करून आत पाठवल्या. सह्या होऊन सगळ्या परत आल्या, तिची तेवढी आली नाही. तिने कुणाला विचारलं नाही. ड्रॉवर रिकामा केला, चष्मा, डबा आणि कुंडीतली तुळस घेतली आणि घरी आली. निघतानासुद्धा तिला काही वाटलं नव्हतं.

खंडाच्या पहाटे तिला नेहमीसारखी जाग आली. हात मोबाईलकडे गेला आणि तिथेच थांबला. फोन करायला कुणी सांगितलं नव्हतं. पण कुणीतरी कुणाला तरी सांगितलंच असणार, कारण थोड्या वेळाने मोरीतला नळ फुसफुसला आणि पाणी आलं.

तिने कळशी भरली, पिंप भरलं, बादल्या भरल्या. सगळं भरून झालं तरी ती नळाशीच उभी होती. आता तो वर चढला असेल. कोण असेल, तिला माहीत नव्हतं. नवी शिडी बसवली की जुनीच डागडुजी केली, तेही माहीत नव्हतं. नवरा आतून म्हणाला, "अगं, बंद कर की नळ, पाणी वाया जातंय." तिने ऐकलं नाही. पाणी वाहत होतं आणि ती नळाकडे बघत होती.

रोजची वेळ झाली. नळ दोनदा घरघरला. धार बारीक झाली, थेंबांवर आली आणि थांबली.

कुणीतरी खाली उतरलं होतं. प्रणाली ओल्या फरशीवर तशीच बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा तिला रडू आलं.