खोडलेला विषय

आरोही मधल्या सुट्टीत घरी आली, ताटावर बसली आणि म्हणाली, “आई, माझं नाव ब्युटीच्या यादीत हाय.”

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. यंदा नववीला व्यवसायाचा एक विषय निवडायचा होता, ऑटोमोबाईल नाहीतर ब्युटी. पोरीनं ऑटो लिहिलं होतं, सही मीच केली होती. चौकात हायवेला आमचं गॅरेज. ही तिसरीपासून दर रविवारी तिथे प्लग घासते, नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगते. तिला आता भुवया कोरायला बसवणार? शाळेनंच मुलींना परस्पर तिकडे ढकललं असणार, असं मी धरून चालले. तिला अर्ध्या जेवणावरून उठवलं आणि शाळा गाठली.

फॉर्मचं काम पिंगळे सरांकडे. त्यांच्या टेबलापाशी मी असा तोंडाचा पट्टा सोडला की शिपाई दारात येऊन उभा राहिला. “पोरीनं पाना धरला तर शाळा बाटते का तुमची?” हेही बोलून गेले.

सरांनी शांतपणे फॉर्म काढून समोर ठेवला. ‘ऑटो’वर आडवी रेघ, शेजारी ‘ब्युटी’, खाली सही. गॅरेजच्या बिलांवर असतं तेच वाकडं अक्षर.

“सोमवारी आरोहीचे वडील येऊन बदलून गेले,” सर म्हणाले. “आता पुन्हा बदलायचं तर त्यांचीच सही आणा. चारला यादी बंद होते.”

त्यांनी कोरा फॉर्म दिला, मी तिथेच त्यावर ‘ऑटो’ लिहिलं. सरांची माफी मागायला हवी होती. पण वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं.

हरेश माझा नवरा. एरवी मी त्यांना अहो-जाहो करते, आज मनात एकेरीच येतंय. गॅरेजात गेलो तर तो एका टेंपोखाली आडवा. टेंपोत टोमॅटोचे क्रेट, आणि ड्रायव्हर घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होता.

“सोमवारी शाळेत कशाला गेल्तात?” मी विचारलं.

तो बाहेर आला, पण माझ्याकडे बघेना. “त्या वर्गात सगळी पोरं हायत, सोनाली. उद्या तिचं लगीन ठरवताना लोक काय म्हणतील? मी ईस वर्सं हात काळे केले, तिचे नको.”

“आणि रविवारी काळे होतात ते? फुकटात चालतं, शाळेत नाय चालत?”

“गिऱ्हाइकासमोर तमाशा नको,” तो म्हणाला आणि पुन्हा टेंपोखाली शिरला. जरा वेळानं आतून शिवी ऐकू आली. स्टार्टरच्या मागचा नट. तिथे त्याचा जाडा हात जात नाही. गॅरेजातल्या पोऱ्याचा, निलेशचा जातो, पण तो भावाच्या हळदीला लोधिवलीला गेलेला.

“आरोही, इकडं ये गं,” त्यानं बाहेर येऊन हाक मारली. “तुजा हात बारीक हाय. एवढा नट काढ.”

आरोही जागची हलली नाही. दप्तर खांद्यावर, दोन्ही हात मागे. ही पोर घरात कधी आवाज चढवत नाही. आताही चढवला नाही.

“बाबा, मी ब्युटीत हाय. आमाला नट शिकवत नाय.”

ड्रायव्हर हसला. हरेशचा चेहरा लाल झाला. तो माझ्याकडे बघायला लागला, पोरीला दटाव म्हणून. मी फॉर्म बॉनेटवर ठेवला आणि त्यावर पेन आपटलं.

“अहो मालक, काय ते करा!” ड्रायव्हर ओरडला. “माल सडंल माजा!”

हरेशनं पेन उचललं आणि सही केली. कागदावर काळा अंगठा उमटला. आरोहीनं फॉर्म नीट वाचला, ‘ऑटो’ लिहिलेलं पुन्हा एकदा बघितलं आणि तो माझ्या हातात दिला. मग दप्तर उतरवलं, बाह्या वर केल्या आणि टेंपोखाली शिरली.

दोन मिनिटांत नट बाहेर.

“पोरगी हुशार हाय,” ड्रायव्हर म्हणाला.

“माजीच हाय,” हरेश म्हणाला, छाती फुगवून.

मी फॉर्म घेऊन निघाले, चारच्या आत शाळा गाठायची होती. विषय मिळाला. पण ती सही पोरीसाठी नव्हती, टोमॅटोसाठी होती. हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि आरोहीनंही नाही.