चौथ्या बुरुजाचा दगड

"इथं खणा," हबीबने काठीचं टोक मातीत रोवलं. "हातभर खाली लागेल."

दोघा मजुरांनी एकमेकांकडे पाहिलं. मागे म्हशींचा गोठा आणि पुढे उकिरडा, अशा जागी काय सापडणार? पण मोजणीदार मोघे साहेबांनी मान हलवली, तशी त्यांनी कुदळी घातल्या. थोड्याच वेळात एक कुदळ खणकन वाजली. मातीखालून काळा घडीव दगड निघाला. मोघे स्वतः उकिडवे बसले आणि त्यांनी खिशातल्या रुमालाने दगडाचं तोंड पुसलं. वर 'बुरूज' आणि खाली दोनचा आकडा, दोन्ही स्पष्ट होते.

"वाहवा! नकाशा वाळवीने खाल्ला तर खाऊ दे. तुम्ही आहात ना, हबीबभाई!"

कालपर्यंत मोघे त्याला 'ए साखळीवाल्या' म्हणत. 'तुम्ही' आणि 'भाई' आज सकाळपासून, पहिला दगड सापडल्यावर सुरू झालं होतं. हबीबने डोक्याची टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

सन छत्तीसचा तो पौष महिना होता. लढायांच्या काळात गावाभोवती तट बांधलेला होता. हबीबच्या लहानपणीच तो जागोजाग ढासळला होता आणि लोकांनी त्याचे दगड नेऊन घरं उभारली होती. उरलासुरला तट सरकारने पाडला, तेव्हा सात बुरुजांच्या जागी सात खुणेचे दगड पुरले. ते गाडीतून उतरवून खड्ड्यात बसवणाऱ्या मजुरांत अठरा वर्षांचा हबीब होता. पुढे तो मोजणी कचेरीत साखळीवाला झाला. मोजणीच्या साखळीचं पुढचं टोक धरून चालायचं आणि साहेबाने हात वर केला की थांबायचं, असं करत बेचाळीस वर्षं गेली. निफाडची शेतं त्याने मोजली, इगतपुरीच्या पावसात गुडघाभर चिखलातून साखळी ओढली. तेवढ्या काळात कुणी त्याला काही विचारलं नाही.

आता तटाच्या जुन्या रेघेवरून गावाबाहेरचा रस्ता काढायचा होता. दगड तर एकही वर दिसत नव्हता. काही मातीखाली गेले होते, काही लोकांनी उचलून नेले होते. तेव्हा कचेरीत कुणीतरी म्हणालं, "हबीबला विचारा, त्याने बसवलेत." रस्ता होणार हे हबीबला ठाऊक होतं. रस्त्याच्या आड काय काय येईल, याचा विचार त्याने केला नव्हता. त्याला कुणीतरी विचारलं, एवढंच त्याला पुरलं होतं.

तिसऱ्या जागी खणलं तेव्हा काही निघालं नाही. हबीब जवळच्या पिंपळापासून पुन्हा पावलं मोजत आला आणि त्याच ठिकाणी थांबला. "दगड कुणी नेला असेल साहेब, पण जागा हीच."

"तुमचा शब्द पुरे," मोघे म्हणाले. त्यांनी तिथे लाल चिंधी बांधलेली खुंटी ठोकवली आणि दुर्बीण लावून पुढची रेघ पाहिली. "आता चौथा. तिकडे, त्या झोपड्यांच्या बाजूला येतो, नाही का?"

हबीबने तिकडे पाहिलं. ती बुरुडांची गल्ली होती.

गल्लीत आठ घरं होती. पहिल्याच घरापुढे कुसाबाई बांबूच्या कामट्या काढत बसली होती. साठीची बाई, पण हातातली कोयती सरसर चालत होती.

"काय हो हबीबभाऊ, आज लय मोठे साहेब आणले?" तिने हसून विचारलं. मग तिचं लक्ष मजुराच्या हातातल्या खुंट्यांकडे गेलं. "ह्या कशापायी, साहेब?"

मोघे सरळ माणूस होते. त्यांनी सरळ सांगितलं, "रस्ता येतोय, बाई. खुणेचा दगड सापडला की रेघ पक्की होईल. जागा सरकारी आहे. रेघेत येतील ती घरं काढावी लागतील."

कोयती थांबली. "आमचं येतंय का रेघेत?"

"ते हबीबभाई सांगतील."

कुसाबाई हबीबकडे पाहू लागली.

हबीबला सांगता आलं असतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, कोंडाजीने, हे घर बांधलं, तेव्हा दगड वीतभर वर दिसत होता. "सपाट हाय, याच्यावरच चूल घालतो," कोंडाजी म्हणाला होता. कामावरून परत जाताना हबीब तिथे थांबला होता आणि चुलीची माती त्यानेही चोपली होती. कुसाबाई राहायला आली तेव्हा दगड दिसेनासा झाला होता. कोंडाजी जाऊन अकरा वर्षं झाली. त्या चुलीवर अजून रोज भाकरी होत होती. गल्लीतल्या आठ घरांपैकी एकाकडेही जागेचा कागद नव्हता.

हबीब घरावरून पुढे गेला. नदीकडे उतरणाऱ्या मोकळ्या उतारावर तो बराच खाली गेला आणि त्याने काठी टेकवली. "इथं."

मजुरांनी कमरेएवढं खणलं. खापऱ्या निघाल्या, खेकड्याचं बीळ निघालं. मोघ्यांनी दुर्बिणीतून मागच्या खुंटीकडे पाहिलं.

"तट असा नदीत कसा उतरेल, हबीबभाई?"

"बुरूज पुढे काढलेला होता साहेब."

"मग पाया लागला असता." मोघे चढून परत घरापाशी आले. "एक, दोन, तीन एका वळणात बसतात. त्या हिशेबाने चौथा या घरात यायला हवा. कुणाच्या घरात कुदळ घालायची तर लेखी जबानी लागते. द्या, मी लिहून घेतो. चौथा दगड या घरात होता. हो की नाही?"

हबीबच्या लक्षात आलं, नुसतं नाही म्हणून भागणार नाही. सकाळी पिंपळाजवळ त्याच्याच शब्दावर ठोकलेली खुंटी बरोबर या चुलीकडे बोट दाखवत होती. ती तिथे राहिली तर आज ना उद्या दुसरा कुणीतरी मोजणीदार कुदळ घेऊन येणारच.

"साहेब, मला तो तिसराही नीट आठवत नाही," तो म्हणाला.

"काय म्हणता? तासाभरापूर्वी पावलं मोजून दाखवलीत!"

"तेव्हा वाटलं तसं. आता वाटतं, पिंपळ नव्हता, चिंच होती. म्हातारपण आहे साहेब. पहिले दोन सापडले ते नशिबाने."

"आणि पाच, सहा, सात?"

"काहीच आठवत नाही."

मोघ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी घराकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या कुसाबाईकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं, कुणास ठाऊक. त्यांनी मांडीवर कागद घेतला आणि लिहून काढलं.

"वाचतो, ऐक," ते म्हणाले. "साक्षीदार हबीब याने दाखवलेल्या जागा परस्परांशी जुळत नाहीत. वयपरत्वे त्याची स्मरणशक्ती भरवशाची राहिलेली नाही. प्रत्यक्ष दगड मिळाले नाहीत अशा ठिकाणी त्याच्या सांगण्यावर रेघ धरू नये. कबूल?"

"कबूल," हबीब म्हणाला आणि त्याने शाईत अंगठा बुडवला.

जाता जाता मजुरांनी पिंपळाजवळची खुंटी उपटून घेतली.

घरी बायकोने, हुस्नबानोने, त्याच्यापुढे चहाची बशी ठेवली. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. "सच में भूल गए क्या?"

हबीबने चहा संपवला. "चौथा कुसाबाईच्या चुलीखाली आहे," तो हळूच म्हणाला. "जागचा हललेला नाही."

हुस्नबानोने बशी उचलली. त्या दिवसापासून कुणी विचारलं की तीही सांगू लागली, "इनको अब याद नहीं रहता."

तटाची रेघ पक्की झाली नाही, म्हणून रस्ता गल्ली सोडून नाल्याच्या पलीकडून आखला गेला. कचेरीत हबीबच्या हातून साखळी काढून घेतली. भरवसा नसलेल्या माणसाच्या हाती माप कसं द्यायचं? त्याला दारापाशी स्टुलावर बसवलं. नवे कारकून जाता-येता विचारत, "हबीबभाई, आज वार कोणता?" त्यात दुष्टावा नव्हता. पहिल्या पहिल्यांदा त्याने बरोबर वार सांगितला. मग तो नुसताच हसू लागला. मोघ्यांनी मात्र कधी वार विचारला नाही. ते त्याच्यासमोरून खाली मान घालून जात.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो बुरुडांच्या गल्लीतून घरी निघाला होता. कुसाबाईने त्याला लांबूनच पाहिलं. हातातलं अर्धवट विणलेलं सूप खाली ठेवून ती लगबगीने पुढे आली.

"हबीबभाऊ, एकटेच कशाला निघाले? चुकताल कुठंतरी," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला. "जपून बरं. इथं उंचवटा हाय. आता गटार. हां, टाका पाय."

हबीबने तिने सांगितलं तिथे पाय टाकला. गल्लीच्या तोंडापर्यंत तिने त्याला धरून नेलं, आणि तोही तिच्या हाताला धरून सावकाश चालत राहिला.