यांजकडून

गंगुबाई परबांनी जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि त्याची फळं त्या साठी उलटली तरी भोगत होत्या. त्यांचा खलबत्ता तळमजल्यावर प्रशांतच्या आईकडे गेला तो तिथलाच होऊन राहिला. काश्मिरी शाल तर थेट चुलत नणंदेच्या फोटोत दिसली. गंगुबाई हसायच्या, सोडून द्यायच्या. मोदकपात्र मात्र काही केल्या सोडवत नव्हतं.

तांब्याचं, जाडजूड, आतून कल्हई केलेलं. एका दमात एकवीस मोदक उकडायचे त्यात. थोरल्या जाऊबाई आवडाबाई अंगारकीला म्हणून ते डोंबिवलीहून आंबिवलीला घेऊन गेल्या, त्याला तीन वर्षं झाली. आधी म्हणाल्या आणते, मग म्हणाल्या माळ्यावर असेल. शेवटी एकदा म्हणाल्या, "अगं गंगू, ते माझंच आहे. नाव बघ की त्यावर."

नाव होतं, हे खरंच. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, 'सौ. आवडाबाई दगडू परब'. पुढे सगळं काळंकुट्ट.

"ताई, आमच्या वास्तुशांतीला तुम्हीच नव्हतं का दिलं?"

"मी? मी कशाला देईन? मला तेव्हा घरात धड पातेलं नव्हतं."

आवडाबाई खोटं बोलत नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. मनापासून विसरलेल्या माणसाचं करायचं काय? आणि तेही थोरली जाऊ!

या वर्षी मात्र गंगुबाईंचा जीव त्या पात्रात अडकला होता. नात सान्वी झाली तेव्हा त्या नवस बोलल्या होत्या, की घरी गणपती बसवीन आणि एकवीस मोदकांचा नैवेद्य माझ्या पात्रातून दाखवीन. सून रुचिता म्हणाली, "आई, स्टीलचं मागवते ना ऑनलाइन. उद्या येईल."

"माझ्या पात्रातून म्हटलंय मी. देवाला काय सांगू, ऑनलाइन आलंय म्हणून?"

मुलगा संदेश मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, तुझंच चुकत नाही ना? नाव तर मोठ्या आईचंच आहे."

हे वर्मी लागलं. भांडं गेलं ते गेलं, आता पोटच्या पोरालाही वाटत होतं की आई म्हातारपणी दुसऱ्याच्या भांड्यावर डोळा ठेवून आहे. गंगुबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

गणपतीच्या आधीच्या रविवारी त्यांनी पिशवीत चिंचेचा गोळा टाकला, रुचिताला बरोबर घेतलं आणि आंबिवली गाठली. दारातूनच म्हणाल्या, "ताई, सणाची भांडी काढलीत का? घासून देते." जगात या वाक्याला नाही म्हणणारी बाई अजून जन्मायची आहे.

आत शेजारणी करंज्या लाटत बसल्या होत्या. आवडाबाईंनी मोरीपाशी ढीग आणून टाकला. गंगुबाईंनी घाई केली नाही. समई घासली, ताम्हन घासलं, घंगाळ घासलं. मग पात्र पुढे ओढलं. सगळं काळं, फक्त नावापुरती जागा चकचकीत. येणाऱ्याजाणाऱ्याला नाव दाखवताना आवडाबाई तेवढ्यावरच अंगठा फिरवत असाव्यात.

चिंच आणि मीठ घेऊन गंगुबाई नावाच्या पुढच्या काळ्यावर तुटून पडल्या. मनात धाकधूक होतीच. संदेशने घातलेला किडा वळवळत होता. तिथे काहीच नसलं तर? हात भरून आले तशी तांब्याची लाली वर आली, आणि लालीत ठिपके दिसू लागले.

रुचिता वाकली. "आई, थांबा. पुढे अक्षरं आहेत. यां... यांज..."

"मोठ्यांदा वाच गं. मला चष्म्याशिवाय दिसत नाही," गंगुबाई म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

"सौ. आवडाबाई दगडू परब यांजकडून सप्रेम भेट."

करंज्यांवरचे हात थांबले. आवडाबाई उठून आल्या, पात्र हातात घेऊन उजेडाकडे धरलं आणि पुटपुटल्या, "कडून?" मग मटकन स्टुलावर बसल्या.

"कल्याणच्या बाजारातून घेतलेलं," त्या हळूच म्हणाल्या. "हे म्हणत होते, स्टीलचं दे, स्वस्तात होईल. मी म्हटलं, धाकटीचं पहिलं घर आहे, तांब्याचंच द्यायचं. अगं गंगू, मी दिलेलं की तुला."

"तेच तर सांगतेय तीन वर्षं. इतकं चांगलं भांडं तुम्ही दिलंत ताई, आणि तुम्हीच कबूल होत नव्हता."

शेजारणी आधी हसल्या आणि पाठोपाठ आवडाबाईही, पदराने डोळे पुसत. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून त्यांनी पात्रात इतक्या करंज्या भरल्या की झाकण बसेना. घरी येईपर्यंत रुचिता चारदा म्हणाली, "द्या माझ्याकडे." गंगुबाईंनी ते मांडीवरून हलू दिलं नाही.

चतुर्थीला झाकण उघडलं तेव्हा एकवीसच्या एकवीस मोदक कळ्या धरून उभे होते, एकही फुटला नव्हता. संदेशने नैवेद्याचं ताट उचललं आणि खाली बघत म्हणाला, "चुकलं माझं, आई." गंगुबाईंना एवढा आनंद झाला की आरतीत त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. आवडाबाई सोफ्यावर ऐसपैस बसून दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "तांब्याचं आहे हो. मी दिलेलं."

प्रशांतच्या आईंनी दोन मोदक संपवले, तिसरा हातात घेतला आणि पात्राकडे बघून म्हणाल्या, "गंगुबाई, संकष्टीला द्याल ना मला हे?"

रुचिताने सासूकडे पाहिलं.

"न्या की," गंगुबाई म्हणाल्या. "खलबत्ता आणून द्या आणि न्या."