गवताच्या वखारीतली शेगडी

सुकल्या गवताला एक वास असतो, ऊन आत कोंडून ठेवल्यासारखा, आनि आमच्या आबांच्या, म्हंजे माज्या सासऱ्यांच्या अंगाला बारा महिने तोच वास यायचा. ते घरात यायच्या आदी वास यायचा, त्याच्या मागनं बुटांचा आवाज, खट् खट्, की मी पदर खाली वढून भिंतीला लागायची. लगीन होऊन नेरळला आले तवा मी चौथी शिकलेली, खालापूरच्या अंगाची पोर, मला पोलिसाचं पन भ्याव वाटायचं, हे तर सुभेदार.

आमची वखार माथेरानच्या पायथ्याला. डोंगर असा अंगावर आलेला की दुपार कलली की ऊन त्याच्या मागं जायचं, दुसऱ्या गावांत अजून उजेड आनि आमच्याकडं सांज. दिवाळी झाली की रानातनं गवताचे भारे यायचे, प्रेसमधी दाबून गाठी बांधायच्या, मंग रेल्वेच्या वाघिनी भरून मुंबईच्या तबेल्यांकडं. गाठींची रास वाढत वाढत माज्या खिडकीवर चढायची, आनि होळीपरेंत माजी खिडकी म्हंजे नुसतं गवत. भर दुपारी खोलीत काळोख. फटीतनं उजेडाची एकेक काडी आत यायची, तिच्यात धूळ तरंगायची सोन्यावानी, ती बघत बसायची मी. भायेर तारेचं कुंपन, फाटकाला कुलूप, चावी आबांच्या कमरेला.

बर्माच्या लढाईत आबांकडं पलटनीची खेचरं व्हती, त्यांचा चारा बघायचं काम. म्हनून परत आल्यावर त्यांनी गवताचाच धंदा काढला आनि दोनी मुलगे त्यातच घातले. वखारीत काडेपेटीला बंदी. कुनी किती बी मोठा असो, फाटकाशी पत्र्याच्या डब्यात बिडी-काडी टाकूनच आत. चूल विहिरीपल्याड, उघड्या पत्र्याखाली. ऊन डोंगराआड जायच्या आत सैपाक उरकायचा, मंग आबा यायचे आनि राखंत पंजा दाबून बघायचे. माथेरानची छोटी गाडी कोळशाची, ती चढाला लागली की ठिनग्या टाकायची, तवा आबा सगळं काम सोडून तिकडं तोंड करून उभे, धूर विरेपरेंत. लोकं हसायची. "सुभेदार गाडीला सलामी देतोय रं!"

आनि गाठी. ओलं गवत दाबलं की आतल्या आत तापतं, तापता तापता आपसूक पेटतं. आबा रोज राशीत हात घालायचे, पार कोपरापरेंत, आनि तसेच उभे ऱ्हायचे, वैद नाडी बघतो तसे. हात भायेर आला की त्याच्यावर बारीक ओरखडे, लाल लाल. मला त्यांच्यातलं तेवडंच ठावं, हात, बूट, कोटाची खालची कड. सुनेनं वर बघायचा रिवाज नाय, आनि धीर बी नाय.

पौषात माजी पोरगी झाली, दिवस भरायच्या आदीच. माहेरी आई नाय, म्हनून बाळंतपन सासरीच. चिमनीएवडं पोर, रडनं मांजराच्या पिल्लाचं. थंडी अशी की सकाळचं गवत दवानं पांढरं दिसायचं. सुईन बोलली, "बाजेखाली शेगडी ठेवा. ऊब नाय मिळाली तर हे पोर हाती लागायचं नाय."

भायेरनं आबांचा आवाज आला, "ह्या कुंपनात इंगळ येनार नाय. विहिरीपल्याड न्या."

"उघड्या पत्र्याखाली? वारा लागला की तिथंच संपलं, सुभेदार."

आबांचे बूट दाराशीच ऱ्हायले. आमचे हे खाली मान घालून गाठी बांधायला गेले.

सासूबाय मला जवळ घेऊन हळूच बोलल्या, "त्यांना वाईट नको बोलू गं. बर्मात चारा पेटला, खेचरं रांगंत बांधलेली, दोर सुटेनात. अजून झोपंत त्या दोरांच्या गाठी सोडीत असतात." मी ऐकलं, पन मला राग आनि भ्याव दोनी यकदम. खेचरं जळाली म्हनून माजी पोर गारठून मारायची? चहूकडं गवत, दार एक, आनि दाराशी ते बूट. मी पोरीला जुन्या लुगड्यात गुंडाळून छातीशी धरली, तरी तिचे पाय विहिरीतल्या दगडावानी गार. सांजेला तिनं दूध वढायचं सोडलं. मी वरडले. कशी वरडले माजं मला ठावं नाय, त्या वखारीत सुनेचा आवाज कुनी कधी ऐकला नव्हता.

बूट वाजले. बाळंतिनीच्या खोलीत बापयानं यायचं नसतं, सासूबाय आडव्या आल्या, "अवं, अजून पाचवी पन झाली नाय!" आबा आलेच. पदराखालनं मला तो हात दिसला, ओरखड्यांचा, तो पोरीच्या दुपट्यात शिरला आनि तिथंच थांबला, गाठीत थांबायचा तसा. जल्मभर ज्या हातानं कुठं ऊब लागतीय का तेच बघितलं, त्या हाताला तिथं कायच लागलं नाय. मंग तो झटक्यानं भायेर आला.

"पेटवा," आबा बोलले. "लौकर."

आनि भायेर जाऊन मानसांना अशा हाका मारल्या की त्यांनी खोलीमागच्या गाठी वढून वढून लांब नेल्या. माजी खिडकी उघडी पडली. गारवा येईल म्हनून सासूबायनी लगीच झडपा लावल्या, पन तेवड्यात मी बघितलं, डोंगराच्या डोक्यावर तांबडं आभाळ.

शेगडीत इंगळ आले, वर ओवा टाकला, पोरीचे पाय शेकले. आबा उंबऱ्याच्या भायेर, आमच्याकडं पाठ करून, पलटनीचा जाड कोट, हातात भिजलेलं गोनपाट, बाजूला पान्याच्या बादल्या. गोनपाटातनं पानी गळायचं, टिप् टिप्, आनि इकडं इंगळ फुटला की त्यांचे खांदे उडायचे. पन हलले नायत. रोज शेगडी लागली की उभे, विझली की जायचे. एकदा पोरगी जोरात रडली, तर पाठमोरेच बोलले, "हां, असं वरड. आवाज पायजे."

सासूबाय बोलल्या, "अवं, कवायत नाय चालली हितं." त्या घरात मी पयल्यांदा हसले.

पोरगी जगली. गवत गेलं, वखार रिकामी झाली, आनि आषाढात, आवारात पेटन्यासारखं कायच ऱ्हायलं नव्हतं तवा, आबा निजले ते उठले नायत.

आता परत पौष हाय. फाटकाला कुलूप नाय, खिडकीवर परत गवत हाय. आमचे हे गाठीवर बसून बिडी वढतात, मी वरडले की बोलतात, "म्हाताऱ्याचं भूत शिरलंय गं तुज्यात." माहेरचं बोलावनं आलं तरी मी जात नाय, मी तिकडं असले आनि हितं ठिनगी पडली तर? पोरगी धरून धरून चालायला लागली, राशीमागं लपते, हाक मारली की हसते, आनि मी हातातलं टाकून धावते.

मोठी झाल्यावर ती इचारंल, आजा कसा दिसायचा. मी काय सांगू? भिंतीवर फोटू हाय, पन तो पलटनीतला कवळा पोरगा, त्याला मी वळखत नाय. मला ठावी हाय ती पाठ. दिवस सरतात, मी मनातल्या मनात आबा म्हनून हाक मारते, एकदा तोंड बघून घ्यावं म्हनते. पन गेलेलं मानूस आपल्याला जिकडनं दिसलं तिकडनंच ऱ्हातं जल्मभर, ते वळत नाय.