कबरीवरची तारीख

माझ्या धाकट्या बहिणीला, गरमाईला, मी वर्षभर एकच गोष्ट सांगत होते: सुमो गेला, आता मान्य कर. तिचा एकुलता एक मुलगा. परदेशी कामाला जायला निघाला, वाळवंट ओलांडून समुद्रापर्यंत पोचला, एप्रिलमध्ये फोनवर म्हणाला, "उद्या बोट आहे." त्यानंतर चकार शब्द नाही.

सण आला की सुमोचा फोन ठरलेला. "माझा सण तुझ्यावर!" असं ओरडायचा. आमच्याकडे भेटवस्तू अशीच हक्काने मागतात. त्यामुळे सण जवळ आला की गरमाईचं जेवण सुटायचं. सव्वीस जुलैला, आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाला, मीच तिला ओढून नाचायला नेलं. ती नाचली, पण फोन मुठीत. ऑगस्टमध्ये झेंडा दिनाला शाळेच्या बँडवाल्यांशी भांडली, त्यांच्या ढोलांमुळे घंटी ऐकू येत नाही म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोव्हेंबरच्या आभारदिनी चर्चमध्ये सगळ्यांनी देवाचे आभार मानले, ही फोनची बॅटरी तपासत बसली. नाताळात गल्लीतली पोरं "माझा नाताळ तुझ्यावर" म्हणत दारात आली आणि तिने दार लावून घेतलं. मी चिडले, बोलू नये ते बोलले. भीती मलाही वाटत होती, पण मला ती रागातूनच बाहेर काढता येते.

मग मुलबा मध्ये पडले. ते तिचे थोरले दीर, घरचे कर्ते. कबरीची जागा नसलेला मेलेला माणूस घरादाराला झोपू देत नाही, असं त्यांचं म्हणणं. मार्चमध्ये, वर्षातून एकदा कबरी सजवायचा दिवस येतो त्याच्या आधी, त्यांनी सुमोच्या बापाच्या कबरीशेजारी सिमेंटची रिकामी कबर बांधून घेतली.

त्या दिवशी सगळं गाव कबरस्तानात होतं. कोणी गवत उपटत होतं, कोणी चुना मारत होतं, झाडाखाली भात आणि कसाव्याच्या पाल्याची भाजी वाढली जात होती. आमच्यात अक्षर माझं बरं, म्हणून ब्रश माझ्याकडे आला. मी नाव लिहिलं. जन्माचं साल लिहिलं. पुढे हात थांबला.

"तारीख कुठली टाकू?" मी विचारलं.

"एप्रिलातली टाक कुठलीही," मुलबा म्हणाले.

 गरमाई म्हणाली, "कुठलीही का, भाऊजी? सव्वीस जुलै टाका. त्या दिवशी आपण नाचत होतो. नाहीतर नाताळ टाका. तुम्ही दोनदा भात मागून घेतलात."

मुलबांनी मान खाली घातली. 

"तेवढी जागा मोकळी ठेव," ते मला हळूच म्हणाले.

"मोकळी ठेवायची तर नाव तरी कशाला?" गरमाईने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता.

 मुलबांनी चुन्याच्या बादलीत फडकं बुडवलं, गुडघ्यांवर बसले आणि ओलं नाव स्वतःच्या हाताने पुसलं. काळा रंग चुन्यात मिसळला आणि कबरीवर करडा पट्टा राहिला.

गरमाई जिंकली होती. ती भात वाढायला गेली. वर्षभर "तो गेला" म्हणणारी मी मात्र त्या पट्ट्यापाशी खाली बसले आणि पहिल्यांदा सुमोसाठी रडले.