माझ्या सायलेन्सरला हात लावू नका

मी एक जुना पिकअप बोलतोय. हैदराबादमधल्या मलकपेठच्या एका गल्लीत, चिंचेच्या झाडाखाली उभा असतो. मागच्या वर्षी तुम्ही त्या बाजूला राहत असाल तर मला ओळखत असाल. ओळखतच काय, शिव्याही दिल्या असतील. द्या. पण त्यातली एकही माझ्या वाट्याची नव्हती, एवढं ऐकून घ्या.

मला विकत घेतलं हणमंतरावांनी. मूळचे भालकीकडच्या शेतकरी घरातले, पण त्यांचे वडीलच हैदराबादेत येऊन राहिलेले. त्यांच्या पत्नी त्रिवेणीबाई लग्नामुंजीचा स्वयंपाक करून देतात. त्यांच्या पुरणपोळीचं नाव आहे. पुण्या-मुंबईहून इकडे नोकरीला आलेली मंडळी सणावाराला त्यांच्याकडूनच पोळ्या मागवतात. मागे पातेली आणि शेगड्या, केबिनमध्ये त्रिवेणीबाईंच्या मांडीवर पोळ्यांची टोपली आणि स्टिअरिंगवर हणमंतराव, असे आम्ही कैक वर्षं शहरभर फिरलो.

हणमंतराव मला कानाने चालवायचे. पट्टा सैल झाला, ब्रेक घासायला लागला, मी जरा कण्हलो की गाडी बाजूला. बॉनेटवर हात ठेवून विचारायचे, "काय दुखायलंय रे?" एखाद्या वाहनाला याहून अधिक काय हवं असतं?

पुढे त्यांच्या गुडघ्याने क्लच दाबायला नकार दिला आणि मी त्यांच्या मुलाच्या, शिवराजच्या हाती आलो. पोरगा वाईट नाही. कामाला कंटाळत नाही, आईबापावर माया आहे. पण आपण एवढे रस्त्याने जातो आणि कोणी वळून बघत नाही, ही त्याची खंत. आता तुम्हीच सांगा, पुरणपोळ्या घेऊन चाललेल्या पिकअपकडे कोणी कशाला वळून बघावं?

माझा सायलेन्सर गंजला होता, हे खरं. नवा बसवायचा, विषय संपला. पण शिवराज मोबाईलवर कसले कसले व्हिडिओ बघून आलेला. गॅरेजवाला त्याच्याही वरताण.

"डब्बाच निकाल देते भाई. सीधा पाइप डालते. ऐसा आवाज आता ना, पूरा मलकपेठ पलट के देखता."

"हौ, डालो!" शिवराज म्हणाला.

मला कोणी विचारलं? सायलेन्सर म्हणजे काय नुसता डबा वाटला? इंजिनाचा दणका जिरवायचा आणि धूर पार मागे, माणसांपासून लांब नेऊन सोडायचा, एवढं काम तो आणि त्याची नळी मुकाट्याने करत होते. दोघांनी ते कापून काढलं. जाड नळी जोडली आणि तिचं तोंड मधेच, डाव्या दरवाजाखाली काढलं. तिथून आवाज भारी येतो म्हणे. जोड नीट बसला नाही, त्यातून धूर गळत राहिला. वर डाव्या सीटपुढचा, पायाखालचा माझा पत्रा रबरी मॅटखाली गंजून चाळणी झालेला. मॅट उचलून बघण्याची तसदी कोण घेतो!

गल्लीत पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा हणमंतराव चहाचा कप घेऊनच बाहेर आले.

"शिवा, काय करायलास हे? गाडी हाय का तोफ?"

"अण्णा, यानं पळायला जोर येतो गाडीला."

कसला जोर? उड्डाणपुलावर चढताना मी पूर्वीइतकाच धापा टाकत होतो, फक्त आता सगळ्या शहराला ऐकू जाईल अशा धापा. रेसकोर्सजवळ एका सकाळी मला ऐकून एक घोडा बुजला आणि त्याचा लगाम धरलेला माणूस रस्त्यावर फरफटत गेला. शिवराजने घरी येऊन ते हसत हसत सांगितलं. मी संतापाने तापलो होतो, पण माझा संताप कोणाला कळणार? त्या नळीतून राग, दुखणं, विनवणी, सगळं एकाच सुरात बाहेर पडत होतं.

काही दिवसांनी त्रिवेणीबाईंचं डोकं धरायला लागलं. मळमळायचं. पित्त असेल म्हणून त्या गोळ्या घेऊ लागल्या. हिशेबाला बरोबर येणाऱ्या आणि दोघांच्या मधे बसणाऱ्या हणमंतरावांनाही भोवंड यायला लागली. "वय झालंय तुमचं, घरी बसत जा," असं शिवराज म्हणायचा. त्याला काही होत नव्हतं, कारण त्याची काच कायम खाली आणि कोपर बाहेर. डावीकडची काच मात्र बंद. पोळ्यांवर धूळ बसू नये म्हणून! मी जोडातून टकटक टकटक करत होतो. पूर्वी हणमंतरावांनी ती झोपेतही ऐकली असती. आता त्या गर्जनेत त्यांना शेजारच्या बायकोचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

मग तारनाका भागातल्या शोभाताईंकडून पोळ्यांची मागणी आली. त्या मूळच्या पुण्याच्या. नातवाचं बारसं होतं. आम्ही सकाळी निघालो आणि वाटेत पुलाखाली अडकलो. पुढे बस, मागे ट्रक. शिवराज उगाच ॲक्सिलरेटर दाबत होता. माझा धूर खालच्या खाली कोंडून पत्र्यातून वर चढत होता. हणमंतरावांची मान हळूहळू त्रिवेणीबाईंच्या खांद्यावर कलली.

"अहो! अहो, काय होतंय?" त्यांनी गाल थोपटले. "शिवा! शिवा, अण्णांना बघ!"

शिवराज समोर बघत ताल धरून बसलेला. आई हाताच्या अंतरावरून ओरडत होती आणि त्याला ऐकू जात नव्हतं. माझ्यामुळे! ज्या माणसाने मला एवढं जपलं, तो माझ्याच धुराने गुदमरत होता आणि मी त्याच्या बायकोची हाक गिळत होतो.

त्रिवेणीबाईंनी टोपली पायाशी टाकली, नवऱ्यावरून वाकून हात लांबवला आणि माझी किल्ली फिरवली.

मी बंद पडलो. तेव्हा कुठे शिवराजने मान वळवली.

त्याने बापाला उचलून फुटपाथवर नेलं. एक रिक्षावाला पाणी घेऊन धावला. "चाचाकू हवा आने देव, भीड नक्को करो!" मोकळ्या हवेत हणमंतरावांना ओकारी झाली आणि त्यांनी डोळे उघडले. त्याच रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं. पोळ्या दुसऱ्या रिक्षाने तारनाक्याला गेल्या, आणि मला शिवराजने दुपारी परत चिंचेखाली आणून उभं केलं. हृदय ठीक निघालं. कशाने झालं ते कोणाला कळेना.

संध्याकाळी शोभाताईंचा फोन आला. "त्रिवेणीताई, रागावू नका, पण आज पोळ्यांना धुराचा वास येत होता हो."

"माझी पोळी आजवर करपली नाही, ताई!" त्रिवेणीबाई कडाडल्या. फोन ठेवला आणि परत आलेल्या टोपलीतलं फडकं नाकाशी नेलं. मग नवऱ्याचा सदरा. मग त्या तडक माझ्याकडे आल्या, दार उघडलं, मॅट ओढून काढली. खाली काजळीने काळी झालेली भोकं आणि त्यातून दिसणारा रस्ता.

त्यांनी शिवराजला हाक मारली. "बस इथं. माझ्या जागेवर. काच लाव."

त्यांनी बाहेरूनच किल्ली फिरवली आणि उजवीकडची काचही वर केली. थोड्याच वेळात शिवराज खोकत, डोळे पुसत खाली उतरला. माझ्या चाकापाशी बसून राहिला.

"तू रोज काच उघडी ठेवून बसलास, शिवा," एवढंच त्या म्हणाल्या.

आता मला साधा, कारखान्यातल्यासारखा सायलेन्सर आहे. नळी पार मागे जाते. पत्रा नवा ठोकलाय. गॅरेजवाल्याने नळीच्या तोंडाला चकाकणारी टोपी लावू का म्हणून विचारलंच. ही जात सुधारायची नाही. शिवराज नको म्हणाला. पण हणमंतराव माझ्यात बसेनात. बरेच दिवस ते मेट्रोने जात राहिले.

बाबांनो, हौस असेल तर मला रंग फासा, फुलं काढा, आरशाला गोंडे बांधा. पण माझा श्वास जिथून बाहेर पडतो तिथे हात घालू नका. तो तुमच्याच छातीत जातो.

परवा हणमंतराव आले. आपणहून दार उघडून बसले, काच खाली केली. शिवराजने मला हळूच सुरू केलं. गल्ली ओलांडून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो.

"तिसरा गिअर लवकर टाकायलास," हणमंतराव म्हणाले.

"अण्णा, बरोबर टाकलाय."

"बरोबर काय बरोबर! इंजिन रडायलंय."

"नाही रडत."

असे ते बापलेक तारनाका येईपर्यंत भांडत होते, आणि मला त्यांचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.