तम्मा

दुकान बंद ठेवून सिनेमाला जाणं गौरीशंकरच्या अंगवळणी नव्हतं. तुळजापुरात त्याचं पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान. रविवारी तर गिऱ्हाईक जास्त. पण थोरली लेक शिवप्रिया कॉलेजात शिकवायची, तिथं तिनं फिल्म क्लब काढला होता, आणि मागच्या खेपेला माणसांपेक्षा रिकाम्या खुर्च्याच जास्त होत्या.

"तुमी नुसतं येऊन बसा, अप्पा," ती म्हणाली. "झोप लागली तर झोपा. कानडी सिनेमा हाय, खाली इंग्रजीत लिहून येतं."

"कानडी मला कुठं येतंय आता."

असं म्हणायची त्याला सवयच झाली होती. खरं तर तो वाढला जळकोटला, कानडी बोलणाऱ्या घरात. आई इरम्मा, तिला तो अव्वा म्हणायचा, कानडीतच रागवायची, कानडीतच जेवू घालायची. शाळेत पोरं चिडवायची, तसा तो मराठीत उत्तरं द्यायला लागला. पुढं तुळजापुरात दुकान टाकलं, तेव्हा उद्घाटनाच्या दिवशी त्यानं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "अव्वा, गिऱ्हाइकांपुढं कानडी नको. लोक हसतात." त्या दिवसापासून तिनं मोडकीतोडकी मराठी धरली. 'तो आली, ती गेला' असं काहीबाही बोलायची. नाती हसायच्या, मग तीही हसायची.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. हात बराच सुधारला, पण मराठी गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, मागून शिकलेली भाषा कधी कधी आधी जाते. आता अव्वा फक्त कानडीत बोलायची, आणि घरात ते समजणारा गौरीशंकर एकटाच. बायको शुभांगी लातूरकडची. पोरींना त्यानंच कधी शिकवली नव्हती.

सेवेत त्यानं कसर ठेवली नाही. औषधं वेळेवर, मऊ गादी, अंघोळ घालायला बाई. गल्लीतले लोक नाव काढायचे. फक्त अव्वा बोलू लागली की तो "व्हय, व्हय" म्हणून काढता पाय घ्यायचा. जीभच वळायची नाही. ते शब्द पुन्हा तोंडात घ्यायचे तर आधी बरंच काही कबूल करावं लागलं असतं.

सिनेमा संथ होता. गाणं नाही, मारामारी नाही. एका खेड्यातला मठ, तिथं पूजा करणारा एक मधल्या वयाचा माणूस, आणि मठाबाहेरच्या कट्ट्यावर बसलेला त्याचा आंधळा बाप. मुलगा पहाटे ओलेत्यानं विहिरीवरून घागर आणतो. पूजा उरकेपर्यंत त्याचं मौन असतं. पावलं वाजली की म्हातारा मान उचलून विचारतो, "यारु?"

कोण आहे? गौरीशंकरनं खालची अक्षरं वाचलीच नाहीत. तो शब्द थेट आत गेला.

मुलगा न बोलता पुढं जातो. पुन्हा घागर, पुन्हा "यारु?" मागं कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली. कोपऱ्यातले काहीजण वाकून बाहेर सटकले. पडद्यावर ऋतू बदलत गेले. मुलाचा नेम कडक होत गेला, गाव त्याच्या पाया पडायला लागलं, आणि म्हाताऱ्याचा आवाज बारीक होत गेला. मग एका पहाटे कट्टा रिकामा. मुलगा घागर घेऊन येतो आणि थबकतो. कुणी काही विचारत नाही. बराच वेळ तो तसाच उभा राहतो आणि शेवटी रिकाम्या कट्ट्याला सांगतो, "नानु, अप्पा." मी आहे, अप्पा.

दिवे लागले. गौरीशंकरला उठता येईना. त्याला स्वतःची रोजची सकाळ दिसत होती. अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून तो पूजेला बसायचा. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, नजर त्यावर खिळलेली. पूजेत बोलायचं नाही, हा त्याचाही नेम. शेजारच्या खोलीतून अव्वाची हाक यायची, "नीरु." पाणी. तो भुवईनं शुभांगीला खुणवायचा. तिला बिचारीला काय कळणार? ती जाऊन पांघरूण सारखं करून यायची. हाक पुन्हा यायची, मग थांबायची. ती थांबली की गौरीशंकरला वाटायचं, आज चित्त चांगलं लागलं.

पुढं चर्चा झाली. श्रीनाथ नावाचे पाहुणे प्राध्यापक बोलले. मौन ही सत्ता आहे, घागर ही परंपरा आहे, असं बरंच काही. मग शिवप्रियानं वडिलांकडं पाहिलं. "अप्पा, तुमाला काय वाटलं?"

"एक शब्द तर बोलायचा होता त्यानं," गौरीशंकर म्हणाला. "देव काय पळून चालला होता व्हय?"

लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत केली. त्यानं मान खाली घातली.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता तो अव्वाच्या खोलीत गेला. ती खिडकीकडं तोंड करून पडली होती. तो पलंगाशी उभा राहिला, आणि लहान पोरगं बोलतं तसं अडखळत म्हणाला, "ऊटा आतेनव्वा?" जेवण झालं का, अव्वा?

ती वळली. त्याच्याकडं पाहत राहिली आणि तिचा चेहरा उजळला.

"तम्मा?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तिचा भाऊ महांतप्पा जाऊन कैक वर्षं झाली होती. 'मी तुझा मुलगा' असं गौरीशंकर सांगणार, तोवर तिनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं होतं आणि ती बोलायला लागली होती. वर्षभराचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं: माहेरची विहीर, हरवलेली म्हैस, भावजयीचा खाष्टपणा. काही शब्द त्याला लागत नव्हते, पण तो हुंकार देत गेला. मग तिनं आवाज खाली आणला.

"माझा मुलगा लई चांगला," ती कानडीत सांगू लागली. "काही कमी करत नाही. पण त्याची वाचा गेली बघ, तम्मा. माझ्याशी बोलतच नाही. कुणाची नजर लागली, काय की. मी रोज देवाला म्हणते, मला नेलंस तरी चालंल, पण त्याला बोलतं कर."

गौरीशंकरनं तिचा हात कपाळाला लावला. इतके महिने तिचं ते पुटपुटणं त्याला दाराबाहेरून ऐकू यायचं, आणि तो चाल वाढवायचा.

शुभांगी दारात येऊन उभी होती. "काय म्हणतात अव्वा?"

त्यानं शब्द न शब्द सांगितला, काही वगळलं नाही. शुभांगीनं अव्वाचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मला म्हायत नव्हतं. पण तुमाला तर समजत होतं."

"व्हय," तो म्हणाला. "मला समजत होतं."

दुसऱ्या दिवसापासून तो पूजेला अव्वाच्या खोलीत बसू लागला. मौनाचा नेम सोडला. तळहातावर लिंग असताना ती मध्येच काही विचारायची, तो उत्तर द्यायचा, नजर पुन्हा लिंगाकडं वळवायचा. चित्त काही पूर्वीसारखं लागत नव्हतं. पण उठावंसं वाटत नसे.

एकदा न राहवून तो कानडीत म्हणाला, "अव्वा, मी गौरीशंकर. मी बोलतोय."

तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि समजूत घातली. "त्याला दुकानातून यायला उशीर होतो. येईल. तू बस तोवर."

तो बसला. तिनं पुन्हा म्हशीची गोष्ट काढली, आणि मग काय झालं, असं त्यानं विचारलं.